भिडस्त म्हणजे नक्की कोण? कमी बोलणारा, की नाही म्हणू न शकणारा?

कोरा_कागद

एका चरित्रलेखाचं संपादन करतोय. लेखकाने पहिल्याच परिच्छेदात नायकाला 'भिडस्त' म्हटलं आहे. पुढचं वर्णन असं: चारचौघांत मागे उभे राहणारे, विचारल्याशिवाय न बोलणारे, पत्राला चार ओळींत उत्तर देणारे, घरातली गोष्ट बाहेर न काढणारे. इथपर्यंत काही खटकत नाही. पण त्याच लेखात हे गृहस्थ वरिष्ठांना तोंडावर नकार देतात, नातेवाइकाची शिफारस करायचं नाकारतात आणि सत्काराचं आमंत्रण घेऊन आलेल्यांना दारातूनच परत पाठवतात.

माझ्या समजुतीप्रमाणे भिडस्त माणसाला नेमकं हेच जमत नाही. लेखकाचं म्हणणं, हल्ली भिडस्त हा शब्द 'रिझर्व्ह्ड' या अर्थानेच चालतो, त्यामुळे तो राहू द्यावा.

प्रश्न दोन. भिडस्तचा अर्थ नुसता 'फार न बोलणारा, मिसळायला वेळ घेणारा' असा होतो का? आणि होत नसेल, तर अशा माणसासाठी मराठीत नेमका शब्द कोणता? घुमा, अबोल, मितभाषी, संकोची, अंतर्मुख हे सगळे डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येकाची छटा वेगळी आहे हे जाणवतं, पण वेगळी म्हणजे कशी, ते नीट मांडलेलं हवं आहे.

जुनी_वही

तुमची शंका रास्त आहे. भिडस्तच्या मुळाशी भीड आहे, आणि भीड ही किती बोलावं याच्याशी संबंधित गोष्टच नाही. समोरच्याचं वय, नातं, अधिकार, त्याने पूर्वी केलेले उपकार यांचा मनावर जो दाब येतो ती भीड. त्या दाबाखाली चार गोष्टी अडतात: नकार देणं, आपली वस्तू किंवा पैसे परत मागणं, समोरच्याची चूक दाखवणं, स्वतःसाठी काही मागणं. ज्याच्या या चारही गोष्टी कायम अडतात तो भिडस्त. दिवसभर गप्पा मारणारा माणूससुद्धा भिडस्त असू शकतो.

वाक्प्रचार तपासा. भीड घालणे म्हणजे आपल्या नात्याचा किंवा वजनाचा दाब आणून काम करवून घेणे. भीड पडणे म्हणजे तो दाब जाणवणे. भीड मोडवत नाही म्हणजे मनात नसताना त्याच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. भीडमुर्वत न ठेवता बोलणे म्हणजे समोर कोण आहे याचा विचार न करता बोलणे. यात 'थोडकं बोलणे' कुठेच येत नाही.

तोंडावर नकार देणाऱ्या माणसाला भिडस्त म्हणणं चूक आहे. शब्द बदला.

रानजाई

+१. 'भीड भिकेची बहीण' या म्हणीतच उत्तर आहे. भिडेपोटी जामीन राहिला, भिडेपोटी उसने दिले, भिडेपोटी परत मागितले नाहीत, आणि शेवटी स्वतःवर मागायची वेळ आली. भीड म्हणजे नुसता लाजरेपणा असता तर तिचं भिकेशी नातं जुळलंच नसतं.

तिसरी_घंटा

असहमत. जुनी_वही यांनी सोयीचे वाक्प्रचार घेतले आणि सगळ्यात रुळलेला सोडून दिला: भीड चेपणे. 'पहिले काही दिवस मुलं गप्प होती, मग भीड चेपली आणि बडबडायला लागली.' हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाला खटकणार नाही. इथे ना कोणाला नकार द्यायचा आहे, ना उसने परत मागायचे आहेत. इथली भीड म्हणजे नवख्या जागेचा संकोच. मग ज्याची भीड लवकर चेपत नाही तो भिडस्त, हा अर्थ ओढूनताणून आणलेला कसा?

रानजाई, म्हण उलटीही वाचता येते. मागायला भीड वाटते तो उपाशी राहतो, म्हणून भीक तिची बहीण. तुमचा अर्थ जास्त प्रचलित आहे हे मान्य, पण म्हणीवरून निकाल लावता येणार नाही.

निळी_शाई

तिसरी_घंटा यांचा मुद्दा वजनदार आहे. लाजाळू, संकोची हा भिडस्तचा अर्थ काही आज जन्माला आलेला नाही.

जुनी_वही

'भीड चेपणे'चं उदाहरण मान्य. मात्र त्याच उदाहरणातून फरक आणखी स्पष्ट होतो. मुलांवर नवख्या माणसांचा दाब होता. दाब गेला, मुलं बोलू लागली. म्हणजे इथेही गप्प बसण्याचं कारण समोरच्या माणसांत आहे. कोरा_कागद यांच्या लेखातल्या गृहस्थांचं चेपण्यासारखं काही आहे का? ते घरच्यांशीही तेवढंच बोलत असतील, तर तो त्यांचा पिंड झाला. भिडेचा तिथे संबंध नाही.

म्हणून मी एकच प्रश्न विचारतो: ओळख वाढल्यावर काय होतं?

लाजाळू आणि बुजरा माणूस ओळख वाढली की खुलतो. मितभाषी माणूस जसा होता तसाच राहतो. दहा वर्षांच्या मित्राशीही तो मोजकंच बोलेल. भिडस्ताचं मात्र उलटं होतं. अनोळखी विक्रेत्याला 'नको' म्हणणं त्याला थोडंफार जमतं, पण जवळच्या माणसाला नाही म्हणताना जीभ उचलत नाही. नातं जितकं जवळचं, उपकार जितके जुने, तितकी भीड जास्त. लाज ओळखीने उतरते आणि भीड ओळखीनेच चढते. भिडस्त आणि लाजाळू हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, असं मी म्हणतो ते यासाठी.

उंबरठा

शेवटचा परिच्छेद फार आवडला. संपादनाच्या कामात याच्या जोडीला 'पण'ची चाचणी लावता येते. शब्दापुढे 'पण' घालून दुसरा गुण जोडायचा आणि वाक्य अडतंय का ते पाहायचं.

'मितभाषी पण स्पष्टवक्ता' सहज जातं. 'भिडस्त पण स्पष्टवक्ता' म्हटलं की वाचणारा थांबतो, कारण दोन्ही एका माणसात नांदत नाहीत. 'भिडस्त पण बोलका' जातं. 'भिडस्त पण सभाधीट' हेही जातं: हजार लोकांपुढे व्याख्यान देणारा माणूस व्याख्यानाच्या मानधनाची आठवण करून द्यायला कचरतो, हे अगदी शक्य आहे. 'लाजाळू पण सभाधीट' मात्र खुलासा मागतं. 'घुमा पण मनमोकळा' तर मुळीच जात नाही.

चाचणी लावताना एक काळजी घ्यावी. जोडायचा गुण 'चांगला', 'हुशार' असा सर्वसाधारण नसावा, कारण तो कशालाही चिकटतो. स्पष्टवक्ता, बोलका, सभाधीट, मनमोकळा, माणसांत रमणारा असे एकेक ठरावीक गुण घेतले तरच फरक दिसतो.

अनुस्वार

कोशात शोधणाऱ्यांसाठी थोडं उपयोगाचं.

भीड आणि भिडस्त एकाच पानावर मिळत नाहीत. ह्रस्व भि आधी येतो, त्यामुळे भिडणे, भिडस्त, भिडू एकत्र सापडतात आणि भीड पुढे दीर्घ भी मध्ये जाते. नुसतं भिडस्त पाहून कोश मिटू नका. खरा मजकूर भीडच्या नोंदीत आणि तिच्याखालच्या वाक्प्रचारांत असतो.

मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (पहिला खंड १९३२) दोन्ही जालावर शोधता येतात. पण त्यांत जुनं लेखन आहे. 'बुजणे' टाकलंत आणि काही आलं नाही, तर 'बुजणें' टाकून पाहा. १९६२च्या लेखननियमांनंतर हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. कोश त्याआधीचे आहेत.

शुद्धलेखन: भीड, निर्भीड दीर्घ. भिडस्त, भिडेने, भिडेखातर, भिडेपोटी ह्रस्व. जीभ आणि जिभेने यांच्यात जो नियम आहे तोच इथे. भीडभाड, भीडमुर्वत यांत मात्र भीड हा शब्द अख्खा राहतो म्हणून दीर्घ. 'भीडस्त' असं छापलेलं वरचेवर दिसतं, ते बदलावं.

पाऊलवाट

अवांतर: हिंदीतल्या 'भीड'ने बराच गोंधळ घातलाय. तिथे भीड म्हणजे गर्दी. 'स्टेशनवर खूप भीड होती' असं मराठीतही ऐकू येऊ लागलं आहे. ज्या मुलांच्या कानावर भीड हा शब्द फक्त गर्दी या अर्थाने पडतो, त्यांना भिडस्त कसा कळणार? 'गर्दीत बुजणारा' असा काहीतरी अर्थ ते लावतात आणि तो लाजाळूच्या जवळ जातो. अर्थ सरकण्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

रानजाई

पाऊलवाट, पटलं. आणि 'भिडणे'सुद्धा वेगळंच. गगनाला भिडणे, काळजाला भिडणे, एकमेकांना भिडणे. भिडस्त माणूस भिडत नाही, हीच तर त्याची अडचण.

मृगजळ

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. या शब्दांत वापरणाऱ्याची नजर आधी पाहावी लागते. माणूस तोच, त्याचं गप्प राहणंही तेच, पण बोलणाऱ्याला तो आवडतो की नाही यावर शब्द बदलतो.

मितभाषी: मित म्हणजे मोजलेलं. परिमित, अपरिमित यांत हाच मित आहे. यात कौतुक आहे. हा माणूस बोलू शकतो, पण तोलून बोलतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात 'साच आणि मवाळ, मितले आणि रसाळ' अशा शब्दांचं वर्णन आहे; खरं, मऊ, मोजकं आणि गोड, हे चारही गुण तिथे एकत्र मांडलेत. मितभाषीच्या मागे ही पुण्याई आहे. म्हणून श्रद्धांजलीत, परिचयात, शिफारसपत्रात हा शब्द डोळे मिटून चालतो.

अबोल: नुसती नोंद. स्तुती नाही, निंदाही नाही. थोडा हळवेपणा आहे, त्यामुळे कवितेत जास्त शोभतो. अबोला मात्र वेगळा. तो धरला जातो आणि सोडला जातो, म्हणजे त्यामागे रुसवा असतो. अबोल माणसाने अबोला धरलेला असतोच असं नाही.

घुमा: यात तक्रार आहे. मनात काहीतरी आहे, ते हा आत कोंडून ठेवतो आणि आपल्याला कळू देत नाही, असं बोलणाऱ्याला वाटतं. घुमेपणाने बसणे म्हणजे नुसतं शांत बसणे नव्हे. त्यात राग किंवा नाराजी दडलेली असते.

आतल्या गाठीचा: तक्रारीच्या पुढची पायरी, म्हणजे संशय. घुमा माणूस बोलत नाही. आतल्या गाठीचा माणूस पुष्कळ बोलेल, पण ताकास तूर लागू देणार नाही. त्याच्या गप्प राहण्यात डाव आहे असं सुचवलं जातं. चरित्रलेखात हा शब्द चुकूनही नको.

माणूसघाणा: याला माणसंच नकोशी असतात. कमी बोलणं हा त्याचा फक्त परिणाम.

एकलकोंडा: याला एकटं राहायला आवडतं. माणसांचा तिटकारा असेलच असं नाही. माणूसघाणा आणि एकलकोंडा यांची सरमिसळ फार होते आणि ती एकलकोंड्यावर अन्याय करणारी आहे.

मुखदुर्बळ: याला बोलायचं असतं, पण वेळेवर शब्द फुटत नाहीत. आपली बाजू न्याय्य असूनही मांडता येत नाही. यात कणव आहे.

तिसरी_घंटा

मृगजळ, उत्तम मांडणी. यात 'शिष्ट' हवा. बघता बघता घसरलेला शब्द आहे तो. संस्कृतात शिष्ट म्हणजे शिस्तीत वाढलेला, सुसंस्कृत. मराठीत शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत हे जोडशब्द आजही मानाचे आहेत. पण एकटा शिष्ट घ्या: 'जरा शिष्टच आहे ती.' लगेच आढ्यता आली. आणि हे कोणाला म्हटलं जातं? स्वतःहून बोलायला न जाणाऱ्याला. म्हणजे लाजाळू माणूस वेळीच बोलला नाही, की लोक त्याला शिष्ट ठरवून मोकळे होतात. भाषेच्या अभ्यासात याला अर्थापकर्ष म्हणतात.

भिडस्तचं मात्र तसं झालेलं नाही. त्याचा अर्थ पसरतोय, घसरत नाहीये. म्हणून मला त्यात भिण्यासारखं काही दिसत नाही.

जुनी_वही

पसरतोय हे खरं. पण पसरताना मूळ अर्थ पातळ होतो, ही माझी हरकत आहे. लाजाळूसाठी आपल्याकडे लाजाळू, लाजरा, बुजरा, संकोची असे चार शब्द आहेत. 'मन मोडवत नाही म्हणून नाही म्हणू न शकणारा' या अख्ख्या वाक्यासाठी एकच आहे. तो पाचवा लाजाळू करून टाकला, तर रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवणार?

निळी_शाई

हा युक्तिवाद मला तिसरी_घंटा यांच्या बाजूने असूनही पटला.

शब्दमापे

लाजाळू, लाजरा, बुजरा, संकोची हे चारही एक नाहीत, म्हणून थोडी भर.

बुजरा हा बुजणे या क्रियापदावरून. बैल बुजतो, घोडा बुजतो, बुजगावणंही त्यातलंच. यात लाजेपेक्षा दचकणं जास्त आहे. माणूस जवळ आला की मागे सरणारं मूल बुजरं. मोठ्या माणसाला बुजरा म्हटलं, तर तो अजून लहान मुलासारखा वागतो अशी छटा येते, तेव्हा जपून.

लाजाळू हा दयाळू, विसराळू, झोपाळू यांच्या रांगेतला. -आळू लागलं की सवय किंवा कल दिसतो. लाजरा हा हसरा, नाचरा यांच्या रांगेतला, आणि तो चेहऱ्यावर दिसतो: लाजरं हसू म्हणता येतं, लाजाळू हसू म्हणताना अडखळायला होतं.

संकोच म्हणजे मुळात आकसणं. संकोच प्रसंगाने येतो आणि प्रसंग गेला की जातो. म्हणून 'मला संकोच वाटला' हे कोणीही म्हणेल, पण 'मी संकोची आहे' हे थोडेच.

क्रियापदही बघा. 'तो लाजतो' आणि 'त्याला लाज वाटते' यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात स्वभाव आहे, दुसऱ्यात बहुतेक वेळा अपराधाची जाणीव. अनुवाद करताना हमखास चुकतं ते इथे. पात्र लाजाळू असतं आणि अनुवादात 'त्याला लाज वाटली' येतं. वाचणारा विचार करतो, यानं केलं तरी काय?

आणि प्रसंग व स्वभाव यांची गल्लत नको. मूग गिळून बसणे, तोंडात गुळणी धरणे हे एका प्रसंगापुरतं. अतिशय बडबड्या माणूसही अडचणीच्या प्रश्नावर मूग गिळतो. त्यावरून त्याला घुमा म्हणू नये.

पाऊलवाट

अंतर्मुख राहिला. हल्ली सगळीकडे तोच असतो.

मृगजळ

अंतर्मुखचे दोन वापर आहेत. जुना: अंतर्मुख होणे, म्हणजे मनाची वाट आत वळवणे, स्वतःकडे पाहणे. 'नाटक पाहून प्रेक्षक अंतर्मुख झाले' यात ते अबोल झाले असा अर्थ नाही, विचारात पडले असा आहे. नवा वापर मानसशास्त्राचा. कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला, त्यातल्या दोन प्रवृत्तींसाठी मराठीत अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द स्थिरावले. हा वापर 'असणे'बरोबर येतो: ती अंतर्मुख आहे. 'होणे' आलं की जुना अर्थ, 'असणे' आलं की बहुधा नवा.

नव्या अर्थातही अंतर्मुख म्हणजे लाजाळू नव्हे. लाजाळूपणात लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुख माणसाला तशी धास्ती असेलच असं नाही; फार माणसं, फार आवाज, फार बोलणं यांनी तो थकतो आणि एकांतात पुन्हा ताजातवाना होतो. लाजाळू माणसाला समारंभात जायचं असतं आणि जाववत नाही. अंतर्मुख माणूस जातो, नीट बोलतो आणि वेळेवर घरी परततो.

चरित्रात एखाद्याला अंतर्मुख म्हणायचं, तर त्याच्या मनात काय चालायचं याचा काही पुरावा हवा: डायरी, पत्रं, त्याचे स्वतःचे शब्द. नुसता बाहेरून दिसणारा शांतपणा असेल तर मितभाषी लिहा. तो शब्द फक्त दिसतं तेवढंच सांगतो.

रानजाई

मुलांच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. प्रगतिपुस्तकात किंवा पालकसभेत 'घुमा', 'एकलकोंडी' असे शब्द वापरू नका. मूल ते ऐकतं आणि आयुष्यभर अंगाला लावून घेतं. जे दिसलं ते लिहावं: 'वर्गात मोजकं बोलते, विचारल्यावर पूर्ण वाक्यात उत्तर देते', 'गटात शेवटी बोलतो, पण काम वेळेवर पुरं करतो'. पालकाला यातून काही करता येतं. 'घुमा' या शब्दातून काहीच करता येत नाही.

शिवाय काही मुलं घरी भरभरून बोलतात आणि शाळेत महिनोन्‌महिने एक शब्द काढत नाहीत. हा हट्ट नसतो आणि शिष्टपणाही नसतो. चिंतेमुळे बोलणं अडतं आणि त्यावर उपाय आहेत. शाळा सुरू झाल्यावरचा पहिला महिना सोडून पुढेही असंच राहिलं, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावं. 'बोल, बोल' म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं की अडचण वाढते.

उंबरठा

रानजाई, अगदी. आणि मुली-बायकांच्या बाबतीत हा शब्दसंग्रह आणखी टोचतो. गप्प राहणारा पुरुष गंभीर, धीरगंभीर, भारदस्त होतो. गप्प राहणारी बाई एक तर शालीन होते, नाही तर घुमी किंवा आतल्या गाठीची. मधला, नुसती नोंद करणारा शब्द तिच्या वाट्याला क्वचित येतो. मितभाषी हा शब्द दोघांनाही सारखाच लागतो, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो.

बाईच्या भिडस्तपणाचं कौतुक करण्याचीही जुनी सवय आहे. 'सून फार भिडस्त आहे हो' यात तिला नाही म्हणता येत नाही, हेच गुण म्हणून मोजलं जातं. तिथे शब्दाचा मूळ अर्थ लक्षात ठेवला, तर ते कौतुक आपोआप घशात अडकतं.

तिसरी_घंटा

उंबरठा, या मुद्द्यावर मी माझं मत बदलतो. भिडस्तला लाजाळू म्हणून सोडून दिलं तर ही जबरदस्ती दिसेनाशी होते. मूळ अर्थ टिकवायला हवा.

अनुस्वार

व्याकरणाचं राहिलेलं सांगतो, कारण वाक्य फिरवताना लागेल. भिडस्त, अबोल, लाजाळू, मितभाषी, संकोची ही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत: भिडस्त मुलगा, भिडस्त मुलगी, भिडस्त माणसाला. घुमा, बुजरा, तुसडा, एकलकोंडा, माणूसघाणा ही आकारान्त असल्यामुळे बदलतात: घुमी, घुमे, घुम्या माणसाला, बुजरी, बुजरे, बुजऱ्या मुलाला. बुजऱ्या लिहिताना अर्धा र 'ऱ्य' असा काढावा. 'बुजर्या' असा रफार पडला तर उच्चारच बदलतो.

भिडस्त नाम म्हणूनही चालतो: भिडस्ताला, भिडस्तांना. मितभाषीला मात्र प्रत्यय लावायला जाऊ नये, वाक्य अवघडतं. 'मितभाषी माणसाला' असं सरळ लिहावं.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_वही यांचा ओळखीचा प्रश्न आणि उंबरठा यांची 'पण'ची चाचणी, दोन्ही लेखाला लावून पाहिलं. लेखातले गृहस्थ घरच्यांशीही मोजकंच बोलतात असे उल्लेख आहेत, म्हणजे लाजाळू बाद. नकार तर ते जवळच्या नातेवाइकालाही देतात, म्हणजे भिडस्त बाद. डायरी नाही, पत्रंही कामापुरती, म्हणून अंतर्मुखही नको. वाक्य असं केलं आहे:

'ते मितभाषी होते. चारचौघांत मागे उभे राहत, विचारल्याशिवाय बोलत नसत. पण न पटलेल्या कामाला नाही म्हणताना त्यांना कोणाची भीड पडत नसे.'

भीड इथे आणली, म्हणजे लेखकाचा शब्द पूर्णपणे हरवत नाही.

जुनी_वही

सुरेख. 'भीड पडत नसे' हेच ठेवा. 'भीड वाटत नसे' केलं तर पुन्हा संकोचाकडे झुकेल. इथे समोरच्याच्या वजनाबद्दल बोलायचं आहे, आणि पडते ती त्याचीच.

उंबरठा

एक सुचवू का? 'पण' काढा. मितभाषी असणं आणि स्पष्ट नकार देणं यांत विरोध नाहीच, हे आपण वर पाहिलं. 'पण' घातलं की वाचकाला वाटतं, गप्प माणसाने नकार देणं हे आश्चर्यच आहे. 'विचारल्याशिवाय बोलत नसत, आणि न पटलेल्या कामाला नाही म्हणताना त्यांना कोणाची भीड पडत नसे.'

शब्दमापे

'आणि'ला अनुमोदन. त्याआधी अर्धविराम नको, साधा स्वल्पविराम पुरे.

कोरा_कागद

केलं. लेखात आणखी एक जागा आहे: सत्काराच्या प्रसंगानंतर लेखक म्हणतो, 'लोक त्यांना शिष्ट म्हणू लागले.' ते तसंच ठेवतोय. तिथे शब्द लोकांचा आहे, लेखकाचा नाही.

तिसरी_घंटा

ठेवा. फक्त शिष्ट एकेरी अवतरणात घाला, म्हणजे तो लोकांच्या तोंडचा आहे हे वाचतानाच कळेल.